ऐकलं का

२०२३ सालचा श्रावण. नाशिकच्या एका विद्यापीठात कुसाबाई संगणकासमोर बसून ठामपणे मान हलवत होत्या. बाकी काहीही विचार, पण मालकांचं नाव तेवढं मागू नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

समोर बसलेली निकिता विद्यापीठाच्या संग्रहाचं काम पाहायची. वर्षानुवर्षं जमवून ठेवलेल्या टेपा, फोटो, प्रबंध असं सगळं विद्यापीठाने संगणकावर आणून लोकांसाठी खुलं केलं होतं. कुसाबाईंच्या धाकट्या जाऊबाई नवसाबाईंनी ते रेडिओवर ऐकलं आणि त्यांना घेऊन निफाडहून सकाळची एसटी धरली.

ब्याण्णव साली याच विद्यापीठाचे एक सर भलामोठा टेप घेऊन कुसाबाईंच्या द्राक्षबागेत आले होते. शेतकऱ्यांचं बोलणं टेप करत ते तालुकाभर फिरायचे. कुसाबाई तेव्हा पंचमीला माहेरी, कळवणला गेलेल्या. सरांशी काय बोलणं झालं, ते मालकांनी कधी सांगितलं नाही. आता मालकांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"चेहरा भिंतीवर हाय," कुसाबाई म्हणाल्या. "आवाज मात्र इसरत चाललाय. एकदा ऐकव पोरी, मंग जाते."

निफाड म्हणून शोधलं तर इतक्या टेपा निघाल्या की ऐकायला महिना लागला असता. म्हणून नाव हवं होतं. निकिताने उखाणा सुचवला. तो सवाशिणीने घ्यायचा असतो, म्हणून कुसाबाईंनी नकार दिला. निकिता नवसाबाईंकडे वळली, तर त्यांनी जीभच चावली. थोरल्या दिराचं नाव आजवर त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं. वाट दाखवायला म्हणून आणलेली जाऊ ऐन वेळी अशी कुचकामी निघाली.

"जेजुरीचा देव कोन?" नवसाबाईंनी शेवटी वाट काढली. "तेच."

"खंडोबा? म्हणजे खंडेराव?"

दोघी जावा खिडकीबाहेर बघू लागल्या. निकिता समजली.

तिने नाव टाकलं. देवळांचे फोटो आले. देवघरातल्या टाकांची चित्रं आली. यात्रांवरचा एक जाडजूड प्रबंध आला. माणसाचा आवाज मात्र एकही नाही. मग जुन्या टेपांच्या कप्प्यात जाऊन तिने हाताला लागेल ते वाजवून पाहिलं. इगतपुरीच्या पावसातले बेडूक ओरडू लागले.

"बाई, हे आमच्या घरातलं घोरनं हितं कसं आलं?" नवसाबाईंनी विचारलं.

निकिता पोट धरून हसली. कुसाबाईही हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आता उठावं, असं त्यांनीच सुचवलं. परतीची गाडी चुकायला नको. काही सापडलं तर फोन कर, मी पहिल्या रिंगला उचलते, असंही सांगितलं. नंबर लिहून घेताना निकिताने त्यांचं नाव विचारलं आणि तिचा हात थांबला.

"आजी, तुमचंच नाव टाकून बघू?"

"माझं कशाला? माझं नाव घरात कोनी घेतलं नाय, ते टेपात कोन घेतंय?"

निकिताने तरीही टाकलं. एकच नोंद आली. बोलणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. टेपेला सरांनीच नाव दिलं होतं: 'द्राक्षबाग आणि कुसा'.

आधी खरखर झाली. मग वारा आला, कुठेतरी बैलाची घंटा वाजली आणि एक माणूस खाकरला. त्या खाकरण्याबरोबर नवसाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. कुसाबाई मात्र हलल्या नाहीत.

"बाग माझ्या नावावर हाय, सर," आवाज म्हणाला. "पन छाटनी तिची. ती म्हायेरी गेली तर येलबी रुसल्यासारखे दिसत्यात."

घरात तिला हाक कशी मारता, असं सरांनी विचारलं.

"ऐकलं का, म्हनतो."

"आणि ती घरी नसली की?"

पुन्हा एक खाकरणं ऐकू आलं.

"कुसा," आवाज म्हणाला.

कुसाबाईंनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. निकिता कोऱ्या जागेत बोलणाऱ्याचं नाव भरू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"थांब. मी सांगते." त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "खंडेराव."

निकिता अजून तिथेच आहे. जुन्या टेपा पुन्हा ऐकून त्यांत कुणाकुणाची नावं घेतली गेली आहेत, तेही ती आता नोंदते. त्यामुळे बऱ्याच बायका सापडल्या आहेत. नवसाबाईंनी त्याच संध्याकाळी आपल्या मालकांना, सहादूभाऊंना, टेप चालू केलेल्या फोनसमोर बसवलं आणि माझं नाव घ्या म्हणून हट्ट धरला. दोन चहा झाल्यावर त्यांनी ते घेतलं, भिंतीकडे तोंड करून.

कुसाबाईंच्या फोनमध्ये निकिताने मालकांच्या आवाजातला तो एक शब्द रिंगटोन म्हणून घालून दिला. तेव्हापासून सगळ्या भाऊबंदांची एकच तक्रार आहे: कुसाबाई फोन लवकर उचलत नाहीत.