आमच्या सिस्टर

मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर नव्या नर्सच्या, चिमणीच्या, गणवेशाला निळा बिल्ला लावला आणि मोठ्या सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या कसल्या, तळहात एकमेकांना टेकवले. हॉस्पिटलने म्हणे गुणी नर्स हेरून त्यांना पुढे आणायचं ठरवलं होतं. अख्ख्या वॉर्डातून हेरली कोण, तर ही कालची पोर! हिला शीर सापडत नव्हती तेव्हा हात धरून सुई टोचायला कुणी शिकवलं?

"पेशंटने मागायच्या आधी ओळखते ही," मेट्रनबाई म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तेही त्यांनीच शिकवलं होतं.

वॉर्डात येऊन त्या खुर्चीत बसल्या. आता बेल वाजली तरच उठायचं. फुकटची हमाली सांगितलीय कुणी?

खिडकीजवळच्या खाटेवर मास्तर होते. मांडीचं हाड मोडलेलं, स्वभाव भिडस्त. लघवीचं भांडं मागायची त्यांना कोण लाज! म्हणून चहानंतर थोड्या वेळाने सिस्टर आपणहून भांडं घेऊन जायच्या, पडदा ओढायच्या, पाठ फिरवून हवापाण्याचं काहीबाही बोलत राहायच्या. आज चहाचे कप गेले तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मास्तरांनी दोनदा मान वळवून पाहिलं. सिस्टरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. आहे ना ती बिल्लेवाली, जाईल की!

आणि चिमणी गेलीही. पण लगेच परत आली, चेहरा पाडून.

"मास्तर मला पडदासुद्धा ओढू देत नाहीत हो. म्हणतात, आमच्या सिस्टर येतीलच."

काय गार वाटलं मोठ्या सिस्टरांना! खरी नर्स हेरली म्हणून मेट्रनबाईंनी आता मास्तरांनाही लावावा एक बिल्ला. जळू दे जरा हिलाही. त्या सावकाश उठल्या, घोट घोट पाणी प्यायल्या, आरशात बघून केस सारखे केले. मग भांडं घेऊन चिमणीच्या समोरून ताठ मानेने गेल्या आणि पडदा ओढला.

मास्तरांनी चादर गळ्यापर्यंत घट्ट धरली होती. डोळे भिंतीकडे. सिस्टरांनी हळूच चादर सोडवली. गादीपर्यंत सगळं ओलं झालं होतं.

"माफ करा हं," मास्तर पुटपुटले. "अजून जरा धरायला हवं होतं मी. तुम्ही येणार हे ठाऊक होतं मला."