काकांच्या नावावर

दहा बत्तीसला परीक्षेच्या हॉलमधून फोन आला की एका मुलीच्या पडद्यावरची प्रश्नपत्रिका नाहीशी झाली. फोन ठेवेपर्यंत चाळीस जणींची झाली होती. प्रश्नपत्रिकेच्या जागी एकच ओळ होती, ‘आपले नाव या अभ्यासक्रमात नाही.’ नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली, शेवटचा पेपर, आणि अर्ध्या तासात लिहिलेली उत्तरं नावाबरोबरच गेली होती.

संगणक विभागात दोघंच होते. एक काका, ज्यांनी हा विभाग उभा केला. दुसरी तीन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, जिला काकांनी पहिल्याच दिवशी ‘धाकटी’ करून टाकलं होतं. प्राचार्यबाई आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “कुणी केलं ते बघा.”

काकांनी नोंद उघडली. अभ्यास आणि परीक्षा ज्या प्रणालीवर चालायच्या, तिच्यात कुणी पान उलटलं तरी नोंद होते. दहा वाजून तीस मिनिटं, चाळीस नावं काढली. करणाऱ्याच्या रकान्यात काकांचं नाव होतं.

“मी?” काका म्हणाले.

मुलींच्या मोबाइलसाठी धाकटीनं नवं अ‍ॅप केलं होतं. त्या अ‍ॅपमागचा तिचा प्रोग्रॅम दर अर्ध्या तासाला ऑफिसची यादी आणि प्रणालीतली यादी ताडून पाहायचा, आणि ऑफिसच्या यादीत नसलेली नावं काढून टाकायचा. सर्व्हरवर ताण नको म्हणून एका वेळी चाळीसच. असलं काही करायला प्रणाली टोकन मागते, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक किल्ली. तिच्या स्वतःच्या टोकनला दर वेळी ‘परवानगी नाही’ असं उत्तर यायचं. चार दिवस डोकं आपटून शेवटी तिनं काकांना न सांगता त्यांचं टोकन घातलं. त्यानं सगळी दारं उघडायची, आणि नोंद काकांच्या नावावर व्हायची. तात्पुरतं म्हणून घातलं आणि राहून गेलं. आज ऑफिसची यादी मध्येच तुटून अर्धीच आली असणार. ते तिला फोनवर चाळीसचा आकडा ऐकला तेव्हाच कळलं होतं.

काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. गेलं वर्षभर ते हातून झालेलं प्रत्येक काम तिच्यात टिपायचे. विसरायला होतं हल्ली, असं ते स्वतःच हसत सांगायचे, म्हणून दुसरं कुणी हसत नसे.

“आठ चाळीस, बॅकअप पाहिला. नऊ पाच, हॉलची मशिनं चालू केली. नऊ पन्नास, चहा.” त्यांनी पान उलटलं. पुढचं कोरं होतं.

“लिहायचंसुद्धा विसरलो वाटतं.”

आता बोलायला हवं होतं. बाई, ते काकांनी नाही, माझ्या प्रोग्रॅमनं केलं. एवढंच वाक्य होतं, आणि ते तिच्या तोंडात तयार होतं. पण तिला नोकरीत पक्कं करण्याचा कागद बाईंच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि ती घाबरली होती.

भिंतीवर दहा छप्पन्न झाले. अकराला प्रोग्रॅम पुन्हा चालणार होता. आणखी चाळीस जणी.

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. एक आज्ञा दोनदा चुकली. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम थांबला.

“काय करतेस गं?” बाईंनी विचारलं.

“हॉलची मशिनं बघते.”

बाई काकांकडे वळल्या. “काका, राग मानू नका. पेपर संपेपर्यंत तुम्ही कीबोर्डला हात लावू नका.”

काकांनी खुर्ची मागे ओढून भिंतीला लावली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. तिघंही घड्याळाकडे बघत होती. अकरा वाजले. अकरा पाच झाले. बाईंनीच हॉलमध्ये फोन लावला. बाकीच्या मुली निवांत लिहीत होत्या.

“बघा,” बाई अगदी हळू म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “तुम्ही बाजूला बसलात आणि थांबलं.”

“हो,” काका म्हणाले. “म्हणजे मीच.”

“त्या चाळीस जणींचा पेपर पुन्हा घेऊ. तुमचं काय करायचं ते मला वर बोलावं लागेल.” आणि बाई गेल्या.

धाकटी काकांकडे वळली. बाई नव्हत्या, आता तर सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे मघाशी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं.

काकांनी मांडीखालून हात काढले, थोडा वेळ तळवे बघितले आणि मोबाइल घेऊन स्वतःच्या मुलीला फोन लावला.

“हां, मी बोलतोय. परवा मी तुझ्यावर चिडलो ना, ते सोड. तुझंच बरोबर होतं. त्या डॉक्टरांची वेळ घे.” ते ऐकत राहिले. “झालं आज काहीतरी. मोठं झालं. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाहीये गं. भीती वाटते.”

पलीकडून तिनं काही विचारलं. काकांनी मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

“नाही नाही, एकटा नाहीये. बोल तू मोकळेपणानं. इथे आपली धाकटीच आहे, परकं कुणी नाही.”