विश्रामशेटचा भाव

विश्रामशेटची बायपास सुरू होऊन तास झाला आणि बाहेरच्या बाकड्यावर त्याच्याच चार गिऱ्हाइकांनी त्याच्यावर सट्टा खोलला. तीस वर्षं क्रिकेटचा बुकी असलेल्या माणसाला याहून मोठा मान कोण देणार? चौघांतला बबन सौदे लिहून घेत होता. भाव चाळीस पैसे. म्हणजे शेट जगणार यावर रुपया लावला, तर चाळीस पैसे नफा. ‘लगाई’ म्हणजे जगतो, ‘खाई’ म्हणजे जातो.

कुमुदवहिनींनी सगळं ऐकलं. नवऱ्याचे सौदे फोनवर त्याच घेत आल्या होत्या. रक्ताच्या पिशव्या घेऊन नर्स दुसऱ्यांदा आत पळाली, तशी जगण्याची आशा घटली आणि भाव नव्वदवर गेला. सगळेच खाई मागू लागले.

“बबनभाऊजी,” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “माझी एक पेटी लगाई.”

“लाख रुपये? अहो वहिनी, आमचा आपला टाइमपास...”

“घेता की घाबरता?”

बबनने मान डोलावली. एवढी रक्कम लागली म्हटल्यावर इतरांना वाटलं, बाईला आतली खबर आहे. तेही लगाईवर आले. भाव घसरत पंचवीसवर उतरला. वहिनींनी सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं. भाव उतरला की टीम जिंकते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

डॉक्टर बाहेर आले, टोपी हातात घेऊन. खाई जिंकली होती.

“वहिनी, तो सौदा रद्द समजा,” बबन रडत म्हणाला.

“शेटच्या घरचा सौदा रद्द होत नाही, भाऊजी. सोमवारी या, पेटी घेऊन जा.”