मातीचा ऋतू

ज्ञानेश्वर भोईरनं तो ब्लॉग पुन्हा उघडला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निबंध हिरीचा. त्याच्या वर्गातल्या हिरीचा. आणि वर नाव मुरबाडकडच्या कुठल्याशा शाळेचं.

‘आमच्या घरी दोनच ऋतू असतात. एक भाताचा आणि एक मातीचा. भाताच्या ऋतूत आई मला उठवते. मातीच्या ऋतूत मी आईला उठवते.’

शब्द न् शब्द तोच. खाली नुसतं ‘सातवीची एक विद्यार्थिनी’. चोराला नाव कशाला लागतं?

डोळखांबजवळच्या शाळेत इंटरनेट आलं ते ज्ञानेश्वरमुळेच. ठाण्याच्या प्रशिक्षणात तो ब्लॉग शिकून आला, टेलिफोनच्या कचेरीत खेटे घालून जोडणी मिळवली आणि एकुलत्या एका कॉम्प्युटरभोवती सातवीचा वर्ग गोळा करून निबंध शिकवू लागला. वहीत लाल रेघ मारली की पोरं हिरमुसायची. पडद्यावर खालचं वाक्य वर नेलं की तीच पोरं म्हणायची, “सर, ते नाय, हे आधी घ्या.” बाहेरगावच्या कुणाचा अभिप्राय आला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. पोरांना शाळेची गोडी लागली ती यानंच, असं तो सगळ्यांना सांगे. पुरावाही होता. त्याच्या हजेरीपटावर वर्षभर कुणी गैरहजर नसे. साहेबलोक भाषणात त्याचं उदाहरण देत.

हिरीनं तो निबंध भादव्यात लिहिला होता. मातीचा ऋतू म्हणजे काय गो, असं त्यानं तिला विचारलं नव्हतं. वाक्य सुरेख होतं, तेवढं त्याला पुरलं. तो निबंध जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला. पुढच्या आठवड्यात ठाण्याला भरल्या सभागृहात हिरीनं तो वाचायचा होता, आणि पहिल्या आलेल्या मुलीला एक संस्था बारावीपर्यंत ठाण्यात ठेवून शिकवणार होती. डोंगरातल्या पाड्यावरच्या पोरीला असं दार पुन्हा उघडत नाही. आईबापाची संमती घ्यायला तो दोनदा पाड्यावर जाऊन आला. दोन्ही वेळा दाराला कडी. शेजारची सकुबाई म्हणाली, “कामाला गेलीत, सर, दरवर्षीसारखी. तुमाला काय नवीन हाय?”

आणि आज जिल्ह्यावरून फोन. “भोईर, निबंध कॉपी आहे अशी तक्रार आलीय. मुरबाडच्या ब्लॉगवर तोच सापडला. उद्यापर्यंत खुलासा करा, नाहीतर दुसऱ्या नंबरच्या मुलीला बोलावतो.”

ज्ञानेश्वरनं कॉम्प्युटर बंद केला आणि मोटारसायकलला किक मारली. किन्हवली मागे पडली, सरळगाव मागे पडलं, राग काही मागे पडेना. रस्त्याच्या कडेला वीटभट्ट्या धुमसत होत्या. तिकडे पाहायला त्याला सवड नव्हती.

ब्लॉग चालवणारी शिक्षिका प्रियांका देसले वर्ग सोडून बाहेर व्हरांड्यातल्या टेबलापाशी आली. वयानं लहान, आवाजानं शांत. त्या शांतपणानं तो आणखीच पेटला.

“मी डोळखांबचा भोईर. तो ऋतूंचा निबंध चोरून तुमच्या पोरीनं आमच्या हिरीच्या तोंडचा घास काढलाय, बाई.”

“बसा सर. पाणी घ्या.”

“पाणी नको, नाव सांगा. ब्लॉगवर टाकायची लाज वाटली ना?”

“लाज नाही. तिचं नाव आमच्या पटावर नाही. पटावर नसलेल्या मुलीचं नाव छापलं तर मलाच नोटीस येईल.”

“म्हणजे पटावर नसलेल्या पोरी आणून चोऱ्या करवता?”

प्रियांकाच्या कपाळावर आठी उमटली. “तिनं तो माझ्यासमोर बसून लिहिलाय. समोर पुस्तक नव्हतं. इंटरनेट तर तेव्हा आठवडाभर बंद होतं.”

“मग पाठ करून आली असेल.”

“हो. पाठ होता तिला.”

“झालं तर!” ज्ञानेश्वरनं टेबलावर हात आपटला. “तुमीच कबूल केलंत. आता हेच लिहून द्या जिल्ह्याला. एका गरीब पोरीचं आयुष्य उभं राहतंय, आणि तुमी तिच्या पायाखालची शिडी ओढताय.”

प्रियांकानं विचारलं, “तुमची हिरी आज शाळेत आहे?”

“हजर आहे. सकाळीच हजेरी घेतली मी.” उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागला नाही.

“काल?”

“कालही. माझ्या वर्गात कुणी गैरहजर नसतं, बाई. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.”

“ऐकलंय मी,” ती म्हणाली. आता तिचाही आवाज शांत राहिला नव्हता.

“त्या पोरीला बोलवा. दुसरीच्या जागेवर आयतं बसताना काही वाटलं नाही का, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.”

“मलाही ऐकायचंय,” प्रियांका म्हणाली. तिनं वर्गाच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “भट्टीवरची मुलं बसलीत ना मागे, त्यातल्या मोठीला पाठवा इकडे.”

ज्ञानेश्वरनं शर्टाच्या बाह्या मागे सारल्या. काय बोलायचं ते वाटेतच ठरवून झालं होतं. पोरीला रडवल्याशिवाय तो आज परतणार नव्हता.

मुलगी दारात आली. कोपरापर्यंत चिखल वाळलेला, केसांवर राखेची धूळ. पहाटेपासून विटा थापून ती तशीच शाळेत आली होती.

“काय गो, दुसरीचं...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग त्यानं विचारलं, “हिरी?”

मुलगी सवयीनं ताठ उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे घेऊन खणखणीत आवाजात म्हणाली, “हजर, सर.”