सव्वीस मतांचा विजय

लॉइड हाल्वरसन सव्वीस मतांनी पडला हे फेरमोजणीनंतर सकाळी अकराला जाहीर झालं, तेव्हा आर्डिथ कोवालचक हॅलब्रिजच्या कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबात कॉफी पीत बसली होती. लोकांनी येऊन तिच्याच पाठीवर थाप मारली. निवडून आली होती तान्या ब्रोडा, पण लॉइडला पाडलं कुणी हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आर्डिथ सात वर्षं दर गुरुवारी गावच्या साप्ताहिकात राजकारणावर लिहायची. लॉइड इथलाच आमदार, वर प्रांताचा आरोग्यमंत्री. त्याच्या कारकिर्दीत गव्हाच्या मुलखातल्या अकरा गावांच्या इस्पितळांतले तातडीचे विभाग बंद पडले होते. पुढचा नंबर आपला, असं ती बजावत राहायची. खिशात हात न घालता डॉक्टर मिळतो म्हणून कॅनडाचा माणूस जगभर मिरवतो, पण तो डॉक्टर एकशेदहा किलोमीटरवर बसला असेल तर त्याला मिळणं म्हणायचं का, असा तिचा सवाल असे. हॅलब्रिजचं इस्पितळ तिच्या लेखणीच्या धाकाने टिकलंय, असं गाव मानायचं. तीही मानायची.

तिचा नवरा ओरेस्ट तेवढा या गोष्टीला हसायचा. "लॉइड वाईट नाही गं. माझ्याबरोबर हॉकी खेळलाय."

"गोलकीपर तर नक्कीच नसेल," आर्डिथ म्हणायची. "आजवर एकही गोष्ट अडवलेली नाही त्याने."

तान्या त्याच इस्पितळात पंधरा वर्षं नर्स होती. तिला निवडणुकीला उभं राहायला आर्डिथनेच राजी केलं. भाषणं लिहून दिली, उणे तीसच्या थंडीत तिच्यासाठी दारोदार फिरली. त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि आरोग्यखातं तान्याकडे गेलं. त्या आठवड्याचा लेख आर्डिथने एका बैठकीत लिहून काढला. इतका आनंदी लेख तिने कधी लिहिला नव्हता.

मे महिन्यात, पेरण्या चालू असताना, हॅलब्रिजचा तातडीचा विभाग बंद होत असल्याचं पत्रक निघालं.

आर्डिथने राजधानीला फोन लावला. तान्याचा आवाज खोल गेला होता. लॉइडने जाता जाता आदेशावर सही करून ठेवली, डॉक्टरांचे करार मोडून टाकले, आता आपले हात बांधलेत, असं तिने सांगितलं. आर्डिथने ते जसंच्या तसं छापलं. मथळ्यात लॉइडचं नाव होतं. नंतर कुणी तरी त्याच्या ट्रकवर लाल रंग ओतला. दुकानात लोक त्याच्या नमस्काराला उत्तर देईनासे झाले. एकदा त्याचा फोन आला होता. तिने आवाज ओळखला आणि फोन ठेवून दिला.

मग ती लिहीत राहिली. मंत्र्यांना, खात्याला, आपल्याच पक्षाच्या लोकांना. उत्तर म्हणून छापील पोच यायची. जुने सहकारी भेटले की म्हणायचे, आपलं सरकार आहे, जरा सांभाळून घे. जुलैत संपादकाने अवघडत विचारलं, की या आठवड्यात दुसरा काही विषय घेशील का? त्या दिवशी घरी येऊन ती बराच वेळ बंद संगणकासमोर बसून होती.

ऑगस्टच्या कापणीत एका दुपारी ओरेस्ट यंत्रावरून खाली उतरला आणि छाती धरून पायरीवरच बसला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती. यायला तास लागेल म्हणाले. आर्डिथने त्याला स्वतःच ट्रकमध्ये चढवलं.

रस्ता गावच्या इस्पितळावरूनच जातो. तातडीच्या विभागाच्या दाराला साखळी होती. ओरेस्टने मान वळवून तिकडे पाहिलं.

"थांबायचं का?" त्याने सवयीने विचारलं.

तिने वेग वाढवला. अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला तो उत्तरं देईनासा झाला. उरलेले बावन्न किलोमीटर ती त्याच्याशी बोलतच होती.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. बायकांनी पिरोगीच्या उकडलेल्या करंज्या आणि कोबीच्या पानातला भात मांडला होता. लॉइड टोपी हातात घेऊन आला तेव्हा बोलणी एकदम थांबली. आर्डिथ सगळ्यांच्या मधून चालत त्याच्यासमोर गेली.

"सही करताना तुझ्या डोळ्यांसमोर कुणाचं नाव होतं, लॉइड?"

लॉइडने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या तान्याकडे पाहिलं.

"ओरेस्ट फार चांगला माणूस होता," एवढंच तो म्हणाला आणि पाण्यालाही न शिवता जिना चढून गेला. कुणी त्याला अडवलं नाही. चार दिवसांत पहिल्यांदा आर्डिथला नीट श्वास घेता आला.

थोड्या वेळाने तान्या तिला भांडी घासायच्या खोलीत घेऊन गेली. तिने दार लावलं आणि नळाकडे बघत बोलायला लागली. खातं दर हिवाळ्यात बंद करायच्या तातडीच्या विभागांची यादी मंत्र्यांपुढे ठेवतं. हॅलब्रिजच्या कागदावर लॉइडच्या मंत्रिपदाची सातही वर्षं त्याच्याच हाताचं अक्षर आहे: मी असेपर्यंत नाही. बाहेर कळलं असतं तर बाकीची अकरा गावं पेटली असती आणि त्याचं मंत्रिपद गेलं असतं, म्हणून तो कुठे बोलला नाही. खात्याची सूत्रं देताना त्याने तान्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आठव्या वर्षाचा कागद आला की तसाच परत पाठव.

"मग आदेशावर सही कुणाची आहे?" आर्डिथने विचारलं.

"माझी," तान्या म्हणाली.