कोरे ग्लोव्ह्ज

“तोमोया-सान, एकही चेंडू तुमच्यापर्यंत येऊ दिला नाही!” कर्णधार कमरेत वाकून अभिमानानं म्हणाला. मागे धापा टाकणारे बचावपटूही वाकले. एकाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

तोमोयानंही तितकंच वाकून आभार मानले. चौदा वर्षं तो या संघाचा राखीव गोलरक्षक होता. बाकावर बसूनच केस पिकले. आज निवृत्तीच्या दिवशी शेवटची दहा मिनिटं त्याला मैदानात उतरवलं होतं आणि त्याला फक्त एक चेंडू अडवायचा होता. पण आता हे यांना कसं सांगणार?

पार्किंगमध्ये त्याची बायको, साएको, थांबली होती. तिनं त्याचे ग्लोव्ह्ज उलटसुलट करून पाहिले. कोरे करकरीत.

“घाल परत,” ती म्हणाली. “आणि त्या दोन खांबांमध्ये उभा राहा.”

“इथं? अगं, लोक बघतायत.”

“बघू देत की! चौदा वर्षं मी बाकाकडेच बघत आलेय.”

त्याच्या काखेतला, निरोपाच्या सह्यांचा चेंडू तिनं खाली ठेवला, सँडल काढली आणि जोर लावून लाथ मारली. चेंडू रांगत रांगत सरळ त्याच्या पायाशीच येत होता.

तोमोयानं तरीही झेप घेतली.