खिडकीकडची वाटी

टेस्टरसाहेब आत आले तेव्हा मालकांच्या सुनेने चहा करून ठेवला होता, आणि तेवढ्यानेच त्यांचं डोकं फिरलं. चाखण्याच्या खोलीत चहा करायचा तो मावशींनी. एकतीस वर्षं मावशी तिथे पाणी उकळत होत्या आणि साहेब त्यांना पाणीवाली म्हणत होते. नाव विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

आज सुनेने मावशींना बसून राहायला सांगितलं होतं. तिचा चहा पांढरा होता. कोवळ्या कळ्या, भाजलेल्या नाहीत की कुटलेल्या नाहीत, नुसत्या वाळवलेल्या, आणि त्यांत पीचच्या सुकवलेल्या फोडी. असल्या चहावर खळखळतं पाणी ओतलं की तो कडवट होतो. म्हणून तिने थर्मामीटर लावून पाणी ऐंशीपर्यंत उतरू दिलं, मग ओतलं, पाच मिनिटं झाकलं. दोन वाट्या मांडल्या. एकीत पीचवाला, दुसरीत तुलनेसाठी कंपनीचा जुना साधा पांढरा चहा. दोन वर्षं ती या पीचमागे होती. सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, साहेब हो म्हणाले तर बाजारात, नाही म्हणाले तर हा नाद सोडायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

त्यामुळे राग ओसरल्यावर साहेब खुशीतच होते. नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतं. मालक त्यांच्याशी उभ्याने बोलत आणि ते मालकांशी बसून. चहापेक्षा किटली गरम.

थर्मामीटर पाहून त्यांनी विचारलं, चहाला ताप आलाय का. मग ते फळांवर आले. पानात दम नसला की लोक चहात फळं कोंबतात, उद्या कोणी कांदा घालील, आम्ही तोही चाखू, नोकरीच आहे आमची. सुनेने चमचा पुसून वाट्यांपाशी ठेवला. अशा माणसाला उत्तर दिलं की त्याला आणखी एक वाक्य सुचतं.

तेवढ्यात मावशी उठून वाट्यांपाशी आल्या. खिडकीकडची वाटी उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "सूनबाईंनी मांडलंय. सूनबाईंची अक्कल दिसू दे."

मावशींनी हात मागे घेतला. एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वाट्यांकडे, आणि परत जाऊन स्टुलावर बसल्या.

साहेबांनी खिडकीकडच्या वाटीत नाक घातलं, डोळे मिटले आणि चमचाभर चहाचा असा भुरका मारला की पलीकडच्या ऑफिसात कळावं. तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकला. हा आपला जुना, ते म्हणाले. स्वच्छ आहे, याला कशाची भर लागत नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

दुसऱ्या वाटीला त्यांनी तेवढाही मान दिला नाही. नुसतं हुंगूनच नाक मुरडलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून टाकला. हा चहा नव्हे, साबण आहे, याने हात धुवावेत. पीचचा वास घशात बसला, आता दिवसभर जायचा नाही.

खिडकीकडची वाटी पीचची होती. खोली मघापासून त्या वासाने भरली होती. साबण ठरलेला तो कंपनीचा चहा, साहेबांनीच पसंत केलेला, डब्यावर त्यांची सही छापलेला.

सुनेला आधी वाटलं, साहेब थट्टा करताहेत. तिने खिडकीकडची वाटी त्यांच्यापुढे धरली आणि पुन्हा एकदा हुंगून बघायला सांगितलं.

"घरच्या माणसाला ओळखायला दोनदा बघावं लागत नाही," साहेब म्हणाले.

तिला राग यायला हवा होता, पण आली ती किळस. एवढे नाकाने कांदे सोलायचे, आणि त्या नाकाला समोरचं पीच कळू नये. तिने मावशींकडे पाहिलं. मावशी फरशीकडे बघत होत्या, पोटचं पोर परीक्षेत नापास झाल्यासारख्या. रोज वाट्या मावशीच मांडत. खिडकीकडे कंपनीचा चहा, मग बाकीचे, चांगल्यापासून वाईटाकडे. ही रीत मावशींनीच तिला एकदा सांगितली होती, तेव्हा तिला ती टापटीप वाटली होती. साहेबांनी चाखायच्या आधीच चांगलं-वाईट मावशींना कसं कळतं, हे तिने विचारलं नव्हतं. ते तिने आता विचारलं.

"तीन वर्षं झाली, ताई," मावशी म्हणाल्या. "मोठा ताप आला होता त्यांना, तेव्हा नाकाचा वास गेला. तेव्हापासून मीच आधी चाखून वाट्या लावते. सांगून काय करायचं? त्यांना दुसरं येतं काय?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला.

सुनेने पीचची वाटी उचलली आणि साहेबांच्या अंगावरून नेऊन मावशींच्या हातात दिली. मावशींनी पदराला हात पुसले. आवाज न करता एक घोट घेतला, आणि थुंकला नाही, गिळला.

"पाणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फळ थोडं कमी करा, कळी दबते. बाकी बाजारात जायला हरकत नाही."

मग साहेबांनी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि खाली मान घालून लिहायला लागले.

"फळ कमी," ते म्हणाले. "पुढे काय म्हणालात?"